सव्वासातच्या मुंग्या

सुयोग पाष्टेने हरिचंद्रकाका भोपींचा नऊ वर्षांचा विक्रम मोडला. सत्तेचाळीस सेकंद. त्याच्या बायकोच्या, तेजलच्या मोबाइलमध्ये तसा आकडा आहे.

आता हे विसरून जा. हेंद्रेपाड्यातल्या 'ओमकार आंगण' सोसायटीच्या इतिवृत्तात असं काही घडल्याचा उल्लेख नाही, आणि जे इतिवृत्तात नाही ते निदान ए आणि बी विंगमध्ये तरी घडलेलं नसतं. तेव्हा आपणही तसं काही झालंच नाही असं धरून पुढे जाऊ.

विक्रम कसला, ते मात्र सांगायला हवं. गणपतीच्या आरत्या संपत आल्या की शेवटाकडे एक आरती येते, तिच्यात एकाक्षरी शब्द ओढायचा असतो. 'ये.' एवढाच. किती ओढायचा, का ओढायचा, याबद्दल कुठल्या पोथीत काही नाही. पण तो जिथे म्हटला तिथेच सोडून पुढे गेलेला मांडव अजून कोणी पाहिलेला नाही. चार-पाच जण डोळे मिटून, मानेच्या शिरा फुगवून ओढत राहतात आणि बाकीचे टाळ थांबवून कोण आधी गळतो ते बघत बसतात. देवही तेवढा वेळ थांबतो. त्याला सवय आहे.

'ओमकार आंगण'मध्ये या शब्दाला घटनात्मक महत्त्व होतं. विसर्जनाच्या दिवशी जो सर्वांत शेवटी थांबेल त्याने बाप्पाला उचलायचं, असा ठरावच होता. आणि नऊ वर्षं शेवटी थांबत होते हरिचंद्रकाका. वय अडुसष्ट, छाती भाताच्या कणगीसारखी, सर्वोत्तम वेळ एक्केचाळीस सेकंद. सोसायटी उभी होती ती त्यांच्याच शेतावर. बिल्डरने बदल्यात चार फ्लॅट दिले होते, आणि त्यातल्या एकात, बी-३०४ मध्ये, सुयोग भाड्याने राहत होता. काका कधीमधी वर येऊन सांगत, "तुजा बाथरूम हाय ना पोरा, बरोबर थितं माजा चवलीचा वाफा व्हता." सुयोगला मग आंघोळ करताना उगाच चवळीवर पाणी घातल्यासारखं वाटायचं.

सुयोग अंबरनाथच्या एमआयडीसीत रबरी वॉशर बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅचला होता. शांत माणूस. विक्रम वगैरे त्याच्या स्वभावात नव्हतं. पण गेल्या विसर्जनाला काका मूर्ती घेऊन निघाले आणि त्याच्या पाच वर्षांच्या मुलीने, उन्नतीने, विचारलं, "बाबा, नेहमी काकाच का उचलतात?"

"ते मोठे आहेत."

"तू का नाही उचलत?"

सुयोग काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आपण भाड्याचे आहोत ना, म्हणून."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर चाललं असतं. तिने ते 'आज बुधवार आहे' असं सांगावं तसं म्हटलं. कारण सोसायटीत भाड्याच्या माणसांना सभेला बसता येत नसे, आणि सुयोगने एकदा जिन्यातल्या दिव्याबद्दल सूचना केली तेव्हा सेक्रेटरी भूपेश अत्यंत सभ्यपणे म्हणाला होता, "भाडेकरूंच्या सूचना लेखी आणि मालकामार्फत, प्लीज." 'ये' ओढायला मात्र कोणाची एनओसी लागत नव्हती. ठरावात 'जो कोणी' असे शब्द होते. सुयोगने ते दोनदा वाचून खात्री करून घेतली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याने मोजलं. बावीस सेकंद. बावीस सेकंदांत काकांचा सूर नुकता तापलेला असतो.

मोबाइलवर त्याला एक व्हिडिओ सापडला. समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले वेचणारी माणसं बुडी मारण्याआधी काय करतात, तर म्हणे तीस वेळा जोरजोरात, भरभर, खोल श्वास. सुयोगने रोज कामावरून आल्यावर, सव्वासात वाजता, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायला सुरुवात केली. नळ आवाज लपवायला. तीस श्वास, मग 'ये'. पुन्हा तीस श्वास, पुन्हा 'ये'. असे पाच फेरे. कोणाला सांगितलं नाही. तेजलला तर नाहीच. तिशी पार केलेला माणूस बाथरूमात लपून एकाक्षरी शब्दाची तालीम करतो, हे लग्नानंतर सांगण्यासारखं नसतं, आणि लग्नाआधी सांगितलं असतं तर लग्न झालं नसतं.

आकडा वाढला. सव्वीस. एकतीस. पस्तीस. आणि तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी बाथरूममधून बाहेर येताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला ओठ नाहीत.

म्हणजे होते. आरशात दिसत होते. पण दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन देऊन परगावी जावं तसे ते बधिर होते. पाठोपाठ बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. तेजलने हातात चहाचा कप दिला, तर तो कप आपण धरलाय की कपाने आपल्याला धरलंय हे त्याला कळेना. दहा मिनिटांनी सगळं पूर्ववत. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारीही.

या दोन गोष्टींचा संबंध त्याने का लावला नाही, असं तुम्हाला वाटेल. तर आपण श्वास घेतल्यामुळे आजारी पडू, असं कोणाच्याही मनात येत नाही. श्वास हा आजाराच्या यादीत शेवटून पहिला असतो.

तेजलने शेजारच्या बनूबाईंना सांगितलं. सांगायला नको होतं. बनूबाई ३०३ मध्ये राहत आणि इमारतीतलं प्रत्येक दुखणं त्यांच्या एका नातेवाइकाला आधीच झालेलं असे.

"हात आणि तोंड?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "दोन्ही एकदम? माझ्या नणंदेच्या दिराला असंच झालं होतं. कल्याणला."

"मग काय निघालं?" सुयोगने विचारलं.

"निघालं काय! ते डोंबिवलीला राहायला गेले, मग काही कळलंच नाही. तू मांसमच्छी सोडलीस का?"

"श्रावण चालू आहे ना."

"झालं तर मग! बी-बारा. किंवा कॅल्शियम. नाचणीची भाकरी खा. किंवा मानेतली नस. उशी काढून टाक. किंवा साखर. गोड बंद कर." मग आवाज खाली आणून, "किंवा बाहेरचं काही. मिठाच्या पाण्याने फरशी पूस."

सुयोग नाचणी खाऊ लागला, उशीशिवाय झोपू लागला आणि बिनसाखरेचा चहा पिऊ लागला. मान आखडली. आता त्याच्याकडे तीन तक्रारी झाल्या.

आश्चर्य म्हणजे त्याला भीती वाटण्याऐवजी उत्सुकता वाटू लागली. माणसाच्या ओठाचा आणि बोटाचा आतून काय संबंध असेल? मधे एवढी मान आहे, खांदा आहे, कोपर आहे, त्यांना काहीच कसं होत नाही? मुंग्या अंगठ्यापासून का निघतात? त्याने शंभरपानी वही आणली आणि डिस्पॅचच्या शिस्तीने रकाने आखले. वेळ, हवामान, काय खाल्लं, कोणत्या रंगाचा शर्ट, कुठल्या बोटाला किती मिनिटं. 'लक्षणांआधी काय केलं' या रकान्यात त्याने रोज एकच शब्द लिहिला. 'आंघोळ.'

डॉक्टर रिद्धींनी, म्हणजे स्टेशनजवळच्या त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी, वही मन लावून वाचली. रक्त तपासलं. बी-बारा बरं, कॅल्शियम चोख, साखर आदर्श, थायरॉइडचं काही म्हणणं नाही. त्यांनी वहीवर पेन टेकवलं.

"प्रत्येक वेळी आंघोळीनंतरच?"

"हो," सुयोग म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, पण ते रकान्यात नव्हतं.

"मग एकदा पाणी तपासून घ्या."

इथून ते प्रकरण सुयोगच्या हातातून गेलं. हात तसेही त्याच्या हातात नव्हते.

पाणी तपासायचा अर्ज मिळाला. अर्जावर नळजोडणीधारकाची सही हवी होती. नळजोडणीधारक म्हणजे मालक. मालक म्हणजे हरिचंद्रकाका. ज्या माणसाला हरवण्यासाठी आपण त्याच्याच बाथरूमात गुपचूप तालीम करतोय, त्याच्याकडे त्याच बाथरूमच्या पाण्याबद्दल संशय व्यक्त करणारा कागद घेऊन सुयोग गेला.

काका ओट्यावर वाल सोलत बसले होते. "माज्या पान्यानी तुज्या हातास मुंग्या?" त्यांनी अर्ज उलटा धरून वाचला, मग सुलटा. "थितं बावडी व्हती. चार पिढ्या प्यायल्या. कोनाचं वठ गेलं नाय."

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणून."

"हात दाव बगू."

सुयोगने दाखवले. सकाळचे अकरा वाजले होते, हात ठणठणीत होते. काकांनी बोटं चेपून पाहिली, एकदा सुयोगच्या छातीकडे पाहिलं आणि सही केली. सही करताना ते गालातल्या गालात हसले असं सुयोगला वाटलं, पण वाल सोलतानाही काहींचा चेहरा तसाच होतो.

अठरा दिवसांनी अहवाल आला. पाणी निर्दोष.

मधल्या काळात सुयोग सरकारी दवाखान्यातही जाऊन आला. केसपेपरच्या खिडकीवर त्याने "हात आणि तोंड" सांगितलं.

"एक काहीतरी सांगा," खिडकी म्हणाली. "हात म्हणजे हाडं, खोली नऊ. तोंड म्हणजे दात, खोली चार. नऊ मंगळवारी, चार गुरुवारी."

"पण मला दोन्ही एकाच वेळी होतं."

"आमच्याकडे होत नाही."

सुयोग मंगळवारी हात घेऊन गेला आणि गुरुवारी तोंड. नऊ नंबरने सांगितलं, हात छान आहे, तोंडाचं विचारा. चार नंबरने एक अक्कलदाढ दाखवली आणि ती काढली तर हाताला बरं वाटेल का या प्रश्नावर विचार करायला वेळ मागितला.

शेवटी डॉक्टर रिद्धींनी उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या डॉक्टर नथानींकडे चिठ्ठी दिली. मेंदू आणि नसा. गणपतीला सहा दिवस उरले होते. तेजल हट्टाने बरोबर आली. शेअर रिक्षात समोरच्या बाईच्या मांडीवर जीन्सचं एवढं गाठोडं होतं की वाटभर बाई दिसलीच नाही, फक्त तिचा सल्ला ऐकू आला. "नस का है तो नथानी के पास ही जाओ. मशीन से बिजली देता है."

देत होतेच. त्यांच्या असिस्टंटने सुयोगच्या मनगटावर तारा लावून नसांमधून बारीक बारीक झटके सोडले. बोटं आपोआप उडत होती. सुयोग ते इतक्या कौतुकाने बघत होता की असिस्टंटला दोनदा "दुखतं का?" विचारावं लागलं.

डॉक्टर नथानी साठीचे, पांढऱ्या मिशांचे, कुठल्याच भाषेशी भांडण नसलेले गृहस्थ. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "नस एकदम फर्स्टक्लास. अब सुनो. एकाच बाजूचा हात, एकाच बाजूचं तोंड, अचानक सुन्न, जबान लडखडली, तर घड्याळ नाही बघायचं, सीधा हॉस्पिटल. तुझं दोन्ही बाजू, रोज, टाइमटेबल से, आणि दस मिनिट में गायब. ये बीमारी नोकरी करते क्या कुठे?" मग त्यांनी वही उघडली. "आणि हे आंघोळ. पच्चीस बार आंघोळ. बेटा, तू आत काय करतो?"

"आंघोळ," सुयोग म्हणाला. कान लाल झाले.

"डॉक्टर," तेजल पहिल्यांदाच बोलली, "टॉवेल कोरडा असतो."

डॉक्टरांनी वही मिटली.

"दोन महिने कोरडा आहे. आणि आतून आवाज येतो. आधी जोरजोरात धापा टाकल्यासारखा, मग लांब… ओरडल्यासारखा. मला वाटलं, हा रडतो. ऑफिसचं काही असेल. मी विचारलं नाही. वाटलं, रडू दे, मोकळा होईल."

सुयोगने तिच्याकडे पाहिलं. ही बाई दोन महिने दाराबाहेर उभी राहून त्याच्या रडण्याची वाट मोकळी करत होती, आणि तो आत पस्तीस सेकंदांवरून छत्तीसवर जात होता. त्याची उरलीसुरली अब्रू तिथेच विरघळली आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

"करके दिखाओ," डॉक्टर म्हणाले.

"इथे?"

"बैठके. खडा नाही राहायचं."

सुयोगने तीस श्वास घेतले. मग डोळे मिटले आणि 'ये' लावला. बाहेर बाकावर बसलेल्या एका सिंधी आजींनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. कोणीतरी सवयीने टाळ्या सुरू केल्या. ज्याचा पुढचा नंबर झटक्यांच्या मशीनवर होता, तो माणूस मात्र फाइल उचलून निघून गेला.

डॉक्टरांनी पुन्हा श्वास घ्यायला लावलं, पुन्हा ओढायला लावलं. तिसऱ्या फेरीला सुयोग म्हणाला, "आले. ओठ गेले."

"हां!" डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. त्यांनाही मजा वाटू लागली होती. "सब को लगता है, हवा जितनी ज्यादा उतना अच्छा. पण तू भसाभसा श्वास सोडतो ना, तर खून का कार्बन डायऑक्साइड उडून जातो. तो थोडा पाहिजे असतो, साईं. तो कमी झाला की खून की केमिस्ट्री पलटते, कॅल्शियम आपल्या जागेवर काम करत नाही, नसा उगाच उड्या मारतात. पहले ओठ, पहले बोटं. ज्यादा झालं की बोटं वाकडी. और ज्यादा झालं तर चक्कर, आणि बाथरूम में चक्कर म्हणजे डोकं फुटणार. बंद कर. गोळी नाही, इंजेक्शन नाही. दवा यही है, आराम से साँस ले."

रिक्षात परत येताना अंबरनाथ मागे पडल्यावर तेजल म्हणाली, "किती झाले?"

"छत्तीस."

"काकांचे?"

"एक्केचाळीस."

"हं," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून हसली. बरीच हसली.

सुयोगने तालीम बंद केली. मुंग्याही त्याच दिवसापासून थांबल्या. साध्या श्वासावर त्याचे एकोणतीस सेकंद होत होते, आणि एकोणतीस हा आकडा त्याने मनाने स्वीकारलाही होता. मग गणपतीच्या पाचव्या दिवशी, विसर्जनाच्या आरतीला, उन्नती पुढच्या रांगेत बसली. तिने मैत्रिणीला सांगितलेलं त्याला ऐकू आलं, "माझे बाबा पण म्हणणार आहेत. पण आम्ही उचलत नाही."

सुयोग मांडवामागे गेला. पाण्याच्या पिंपाआड त्याने तीस श्वास घेतले. मग आणखी तीस. मग डॉक्टर नथानींचा चेहरा आठवला, आणि त्या घाबरण्यात आणखी चाळीस आपोआप झाले.

शब्द आला. सात जणांनी उचलला. पंधराव्या सेकंदाला दोघे गळले. पंचविसाव्याला भूपेश खोकत बाजूला झाला, पाठोपाठ आणखी दोघे. तिसाव्याला उरले फक्त दोन सूर, एक जाड, एक बारीक. अडतिसाव्या सेकंदाला जाड सूर थांबला. बारीक चालूच राहिला. मांडवातल्या कोणीही तो क्षण विसरलेला नाही, जरी तो झालेला नसला तरी. तेजलने मोबाइल वर धरला. सत्तेचाळीस.

सुयोग थांबला आणि दम भरून काढायला भात्यासारखा धापा टाकू लागला. तिथेच घात झाला. ओठ गेले. हात गेले. आणि त्याच्या डोळ्यांदेखत बोटं एकमेकांना चिकटून पुढे ताठ झाली, अंगठे आत वळले. उकडीच्या मोदकाच्या कळ्या मिटताना हात होतो, तसे दोन्ही हात. पण मोदक नाही.

"उचला, पाष्टे!" भूपेश ओरडला. "बाप्पा उचला!"

मूर्ती शाडूची, अडीच फुटांची. उन्नती उभी राहिली होती. सुयोग मूर्तीपुढे गेला, वाकला, आणि आपल्या त्या दोन चोचींकडे बघत राहिला. पाच सेकंद. दहा सेकंद. लोकांना वाटलं, प्रार्थना करतोय. तो करतही होता.

कोणीतरी त्याच्या खांद्याला खांदा लावून वाकलं. हरिचंद्रकाका. ते अगदी हळू बोलले, "बोटा वाकली?"

सुयोगने मान हलवली.

"मना ठाव व्हतं. पयल्या साली माजी पन वाकली ती. भात झोडताना आमी तसाच दम घ्यायचो. तशीच उचलली मूर्ती. उंदराचा कान गेला. आजून कोनास बोललो नाय." मग ते सरळ झाले आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं गरजले, "ए भूपेश! हा खेल रद! मना मधी खोकला आला. धरू नको. बाप्पा मीच उचलनार!"

मांडवात कुजबुज झाली. "म्हातारा हरला म्हणून रडतोय," बनूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कधीच हळू नसतो. काकांचा खोकला कोणीही ऐकला नव्हता. काकांनी मान खाली घातली, बाप्पा उचलला, आणि जाता जाता निर्माल्याची पिशवी सुयोगच्या मनगटात अडकवून म्हणाले, "चल माज्या बाजूला. पडू नको."

कृत्रिम तलावापर्यंत ते दोघे शेजारी शेजारी चालले. मागे उन्नती. वाटेत काकांनी एवढंच सांगितलं, "आमचा सूर तालमीचा नाय रं. भाऊस नदीपल्याड नांगर धरायचा. त्यास जेवाय बोलवाचा तं 'ये' तो दिसंपर्यंत वढाचा. तो काय लवकर यायचा नाय." तलावाशी पोहोचेपर्यंत सुयोगची बोटं सुटली होती. काकांनी न विचारता मूर्तीची एक बाजू त्याच्या हातात दिली. पाण्यात सोडताना दोघांचे हात मूर्तीखाली होते, आणि ते उन्नतीने पाहिलं.

सोसायटीत मात्र अजून काकांना रडव्या म्हणतात. म्हणून सुयोगने अर्ज केला आहे. नियमाप्रमाणे लेखी, आणि मालकामार्फत:

"प्रति, मा. सचिव, ओमकार आंगण सह. गृहनिर्माण संस्था, हेंद्रेपाडा, बदलापूर (प.). द्वारा: श्री. हरिचंद्र भोपी, मालक, बी-३०४. विषय: इतिवृत्तात दुरुस्ती व बाप्पास थांबविणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, (१) विसर्जनदिनी श्री. भोपी यांना खोकला आला होता, याची नोंद घेण्यात यावी. सदर खोकला अर्जदाराने स्वतः ऐकला आहे. (२) अर्जदाराचे सत्तेचाळीस सेकंद कोठेही धरण्यात येऊ नयेत. (३) पुढील वर्षापासून सदर शब्द व मूर्ती उचलणे यांत किमान पंधरा मिनिटांचे अंतर ठेवण्यात यावे, जेणेकरून विजेत्याच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड पूर्ववत होऊन बोटे सरळ होतील. व तोवर बाप्पाने कृपया आसनस्थ राहावे, असे त्यांस संस्थेच्या लेटरहेडवर कळविण्यात यावे. सोबत: पाणी निर्दोष असल्याचा दाखला."